टायरला राग कशाचा?

आमच्याकडे भुतांचं सगळं रीतसर होतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा व्हायचा आणि पिंपळावर बसायचा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ, पावलं उलटी. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, तक्रार ठरलेली, उताराही ठरलेला. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायचं नाही एवढं पाळलं की आपण मोकळे. पुढे रस्तारुंदीत आमचा पिंपळच गेला, त्यामुळे भीतीचं खातं मी जवळपास बंद केलं होतं.

ते भाचीने पुन्हा उघडलं. ती नोकरीसाठी आमच्या शहरात आली, शनिवारी जेवायला येते आणि जेवण झालं की टीव्हीचा रिमोट स्वतःच्या ताब्यात घेते. "मामा, तू अजून दार करकरणारे सिनेमे बघतोस?" असं तिने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात लोक 'अजून चेक लिहिता?' असं विचारतात.

सुरुवात बरी झाली. 'तुंबाड' मला जमला. पाऊस, पडका वाडा, सोन्याचा हव्यास, सगळं ओळखीचं. आई मात्र त्यातल्या हस्तर नावाच्या भुकेल्या दैवताच्या बाजूने होती. त्याने सोनं बळकावलं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले, म्हणून वाट्याला धान्याचा कण नाही. त्यामुळे कणकेची बाहुली दिसली की तो धावतो आणि तेवढ्यात माणसं त्याचं सोनं लाटतात. "एवढी सोन्याची हाव आहे, तर त्या बिचाऱ्याला एकदा पोटभर जेवायला घाला की," आई म्हणाली. "बाहुल्या कसल्या दाखवता?" एकूण भुताला काही कारण असलं की आईची त्याच्याशी लगेच सोयरीक जुळते.

मग आला 'हाउस', 1977 सालचा जपानी सिनेमा. सात मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि ते घर त्यांना एकेक करून खातं. खातं म्हणजे अक्षरशः. पियानो आधी बोटं खातो, मग उरलेली मुलगी. एकीवर गाद्या तुटून पडतात. विहिरीत गार करायला सोडलेलं कलिंगड वर काढावं, तर हातात मैत्रिणीचं मुंडकं. मुलींना वाचवायला निघालेले मास्तर वाटेतच केळ्यांचा ढीग होतात. त्याचं पुढे कुणी काही करत नाही. दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी आधी जाहिराती करायचे आणि यातल्या बऱ्याच कल्पना त्यांच्या शाळकरी मुलीने सुचवल्या होत्या, हे भाचीने सांगितल्यावर मला थोडा उलगडा झाला. मोठ्या माणसाला गाद्यांची भीती सुचत नाही.

मावशीचं दुःख मात्र खरं आहे. तिचा होणारा नवरा युद्धावरून परतलाच नाही. ती वाट पाहत मेली आणि आता लग्न न झालेल्या मुली खाते. "लग्न न झालेली मुलगी दिसली की नातेवाईक गिळायला उठतात," भाची म्हणाली, "यात जपानी काय आहे?" आईने तेवढ्यापुरतं तिच्या स्थळांविषयी बोलणं थांबवलं. माझ्या मते हा त्या सिनेमाचा सर्वांत मोठा चमत्कार.

पण त्रास पुढे होता. आमच्याकडे पाहुण्यांच्या गाद्या कपाटावर रचलेल्या असतात. त्या काढायचं काम माझं. स्टुलावर उभं राहून दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत ती मुलगी आठवली आणि मी बायकोला म्हणालो, "आज पाहुण्यांना सोफ्यावर झोपवू." पाहुणे तिचे होते. पुढचं लिहीत नाही.

'स्किनामारिंक'ने छत नासवलं. कॅनडातल्या काइल एडवर्ड बॉल या दिग्दर्शकाने एडमंटनमध्ये, स्वतःच्या लहानपणीच्या घरात, अवघ्या 15,000 डॉलरांत हा सिनेमा केला. दोन लहान मुलं रात्री जागी होतात, बाप दिसत नाही, दारं-खिडक्या नाहीशा होत जातात. पण आपल्याला दिसतं काय? छताचा कोपरा. मग भिंतीचा खालचा भाग. मग पुन्हा छत. अंधारात अशी शंभर मिनिटं. माणसांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. बायको स्वयंपाकघर आवरून आली, पाचेक मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "केबल गेली का?" आईने मात्र एका ठिकाणी पदर तोंडाला लावला. भूत आलं म्हणून नव्हे. त्या घरातला संडास नाहीसा झाला म्हणून. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर रात्री तिथवर जाणं हाच तिचा खरा प्रवास आहे, आणि तोच जगातून पुसला जाणं यापुढे कसली हडळ? मी हसलो, आणि रात्री आमच्या छतावरचा ओलीचा डाग बघत पडलो. तो डाग पावसाळ्यापासून आहे. पण पूर्वी तो माझ्याकडे बघत नव्हता.

'रबर'च्या वेळी आईचा संयम सुटला. हा 2010 सालचा सिनेमा, दिग्दर्शक क्वेंटिन दुपिए. अमेरिकेतल्या वाळवंटात एक टायर वाळूतून उठतो, डुगडुगत चालायला शिकतो आणि नुसत्या थरथरण्याने लोकांची डोकी उडवतो. मधे तो मोटेलात शॉवरही घेतो.

"टायरला राग कशाचा?" आईने विचारलं.

"आजी, कशाचाच नाही. सुरुवातीला तो पोलीस सांगतो ना, सिनेमात गोष्टी विनाकारण घडतात म्हणून."

"विनाकारण कसं? रिमोल्ड केलं असेल. भार जास्त घातला असेल."

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. मला तर आईचंच पटलं. कारण असलं की उतारा असतो. टायरसमोर कोणता नारळ फोडणार? तसा तो आम्ही दसऱ्याला फोडतो म्हणा, हारही घालतो. पण त्याने समजून घेतलं असेल याची खात्री काय? हल्ली डिकी उघडली की मी आधी स्टेपनीकडे बघतो. पंक्चरवाला म्हणाला, हवा बरोबर आहे साहेब. हवेचं कोण विचारतंय?

गेल्या शनिवारी भाचीने 'स्लॅक्स' लावला. खुनी जीन्स पँट. मी चष्मा काढूनच बसलो. पण या पँटीतलं भूत निघालं भारतातल्या पोरीचं. तेरा वर्षांची, कापसाच्या कामावर मेलेली. आणि ती जीन्स विकणारी कंपनी वर तोंड करून सांगते, आमच्याकडे बालमजुरी नाही. आईचं माहेर यवतमाळकडचं. लहानपणी वेचणीला ओटी बांधून गेलेली बाई ती. इतका वेळ जपमाळ चाळवत बसली होती, ती सरसावून पुढे आली. पँटीने दुकानातल्या एकेकाला धरायला सुरुवात केली तसा तिचा चेहरा खुलत गेला. मॅनेजर दिसला की म्हणायची, "याला. याला धर आधी."

सिनेमा संपल्यावर तिने भाचीला विचारलं, असे आणखी आहेत का, कारणवाले.

भाची शोधते आहे. मी मात्र ऑफिसला हल्ली लेंगा चालेल का, याची चौकशी करतो आहे.