घायपाताचा कासरा हवा, पण भाव काय देणार?

पोळा जवळ आला की इथे दोरखंडांचे गहिवर सुरू होतात. नायलॉननं आपली कला मारली, ही परंपरा जपलीच पाहिजे, आणि सोबत वाख, म्हणजे घायपाताचा धागा, पिळणाऱ्या सुरकुतलेल्या हातांचा फोटो. मला या गहिवराची चीड येते.

नायलॉनबद्दलची तक्रार खरीच आहे. ओढताना बैल हाकायचा कासरा हाताला चटका देतो, वेसण बैलाचं नाक कापते. पण दोर वळणाऱ्या मातंगांच्या वस्तीत घायपाताचा दोर व्हायचा कसा, हे कितीजणांनी पाहिलंय? घायपाताची पानं पाण्यात कुजत घालायची. त्या पाण्याला नाक धरावं असा वास, आणि चिकानं अंगाला खाज. मग बडवायचं, धुवायचं, वाळवायचं, तेव्हा कुठे पांढरा वाख हाती येतो. एकजण फिरकी फिरवणार, दुसरा वाख सोडत उलट्या पावलांनी मागे जाणार. पेड एका बाजूला पिळायचे आणि तीन पेड एकत्र करताना पीळ उलटा द्यायचा. पेड उलगडू पाहतात तसा दोर आणखी घट्ट होतो. जागा लागते ती लांबलचक. म्हणून हे काम वस्तीबाहेर, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत चालायचं.

आणि मोल? खळ्यावरचं बलुतं. विहिरीचं पाणी उपसणाऱ्या मोटेच्या नाड्यापासून (जाड दोरापासून) दाव्यापर्यंत सगळं दोर वळणाऱ्या मातंगानं पुरवायचं आणि सुगीला पाटील देईल ते पदरात घ्यायचं. त्याच्या हातचा दोर गावविहिरीत उतरायचा, त्याला मात्र तिथलं पाणी कुणीतरी वरून ओतायचं. (दिवाळीला आपण लक्ष्मी म्हणून पुजतो ती केरसुणीही बहुतेक त्याच घरातून यायची.) हे सगळं फोटोत दिसत नाही.

शिवाय सगळं खापर नायलॉनवर कशाला? इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली, तिच्याबरोबर नाडा गेला. ट्रॅक्टर आले, दावणीतले बैल कमी झाले.

इंग्लंडात चॅटमच्या जुन्या नौदल गोदीत सुमारे ३४६ मीटर लांबीची दोरशाळा आहे. अठराव्या शतकातल्या त्या इमारतीत अजून दोर वळून विकतात. मुंबईत काळा घोड्याजवळच्या एका गल्लीला रोपवॉक लेन म्हणत (रोपवॉक म्हणजे दोर वळायची जागा), आता ती साईबाबा मार्ग. गोऱ्यांच्या जहाजांचे दोर जिथे वळले त्या जागांची नोंद राहिली. आपल्या गावात दोर कुठे वळत, हे ग्रामपंचायतीत विचारून बघा.

ज्या पोरांनी फिरकी टाकून शाळा, नोकरी, शहर धरलं त्यांनी उत्तम केलं. त्यांना परत या म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. दोर हवा असेल तर कुठल्याही जातीच्या पोरानं शिकावं, पानं कुजवण्याऐवजी यंत्रानं सोलावीत आणि दिवसभराच्या मजुरीला परवडेल असा भाव मिळावा. नायलॉनच्या दुप्पट असला तरी मी देईन.

तुमच्या भागातल्या आठवडी बाजारात घायपाताचा कासरा अजून मिळतो का? मिळत असेल तर गाव आणि जोडीचा भाव लिहा. फोटो नको.