एका ‘एस’वरून माणूस जोखणारे

फ्रेंचभाषक माणूस इंग्रजीत ‘इन्फर्मेशन्स’ किंवा ‘अ‍ॅडव्हायसेस’ म्हणाला की मीटिंगमध्ये दोन-चार चेहऱ्यांवर बारीकसं हसू उमटतं, कारण इंग्रजीत या शब्दांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. त्या हसण्याचा मला मनापासून राग येतो. मॉन्ट्रियलमध्ये राहून ते पुष्कळदा पाहिलंय. हसणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतात, हे जास्तच खटकतं.

अहो, ‘इन्फर्मेशन’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडूनच घेतलाय आणि फ्रेंचमध्ये त्याचं अनेकवचन राजरोस होतं! कॅनडात अजून गव्हर्नर जनरल असतात. एकाहून जास्त असले तर ‘गव्हर्नर्स जनरल’. ‘एस’ मध्येच, कारण नामानंतर विशेषण ही फ्रेंच पद्धत. तिथे भलेभले इंग्रजीवाले अडखळतात, तेव्हा कोणी हसत नाही.

फ्रेंच माणूस बोलताना शेवटचा ‘एस’ गाळतो, त्यालाही कारण आहे. त्याच्या भाषेत तो लिहितात, पण सहसा उच्चारत नाहीत. मांजर एक असो की दहा, ऐकू येतं ‘शा’च, एक की अनेक हे आधीच्या ‘ल’ (एकवचनी) किंवा ‘ले’ (अनेकवचनी) या उपपदावरून ओळखायचं. तिथली मुलं शाळेत सात शब्द घोकतात: दागिना, गोटा, कोबी, गुडघा, घुबड, खेळणं आणि डोक्यातली ऊ. या सातांना अनेकवचनात ‘एस’ऐवजी ‘एक्स’. एवढं पाठ करून तो ‘एक्स’ही मुकाच! अशा माणसाने माउसचं माइस, पण हाउसचं हाउसेस हे मुकाट्याने गिळायचं. ‘चिल्ड्रन’ तर दुहेरी अनेकवचन. जुन्या रूपात ‘र’ लागून अनेकवचन झालेलंच होतं, लोकांनी त्यावर आणखी ‘एन’ चढवला.

आणि हा घोळ इंग्रजांना स्वतःला तरी कुठे सुटला होता? इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० च्या एका प्रस्तावनेत किस्सा दिलाय. टेम्सवरून निघालेले व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा तिला कळलं. अंडी तीच, एकाचं अनेकवचन ‘एस’चं, दुसऱ्याचं ‘एन’चं. न कळणारं इंग्रजी तिने सरळ फ्रेंचच्या खाती टाकलं.

मॉन्ट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे, त्या क्वेबेकमध्ये भाषेचा विषय नाजूक आहे. १९७७ च्या भाषा-सनदेने फ्रेंचला कामकाजाची, दुकानाच्या पाट्यांची भाषा केलं. २०१७ मध्ये तर विधानसभेने दुकानदारांना ‘बाँजूर-हाय’ (फ्रेंच नमस्काराला जोडलेलं इंग्रजी ‘हाय’) नको, नुसतं ‘बाँजूर’ म्हणा, अशी विनंती करणारा ठराव एकमताने केला. मला तो आचरटपणा वाटला. ठराव करून कोणी अगत्य शिकत नाही.

पण उलट बाजूचा उर्मटपणाही तितकाच. मी मोडक्या फ्रेंचमध्ये ब्रेड मागते आणि समोरचा उच्चार ऐकून तडक इंग्रजीवर येतो. तो मदत म्हणून करत असेल, पण शिकणाऱ्याचं तोंड बंद होतं. पुण्यात मराठी बोलू पाहणाऱ्याला आपण हिंदीत उत्तर देतो ना, तसंच. अशा वेळी मी सरळ सांगते, ‘आँ फ्रान्से, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘फ्रेंचमध्ये, प्लीज’. बहुतेक जण खूश होतात.

मीटिंगपुरता माझा शिरस्ता असा: अर्थ कळला असेल तर टोकायचं नाही. इतिवृत्तात ‘इन्फर्मेशन’ लिहायचं आणि पाठवून द्यायचं.