हिन्नोमचे खोरे आणि भिंतीलगतची मेणबत्ती

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आमच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर झेंडू आणि मेणबत्त्या विकणाऱ्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने माझ्या हातात एक हस्तपत्रक ठेवले. वरच्या पानावर ज्वाळा होत्या आणि खाली प्रश्न होता, ‘आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?’ आतल्या पानावर, बाप्तिस्मा न घेता मेलेली माणसे या क्षणी कुठे आहेत याचा निकाल चार ओळींत देऊन टाकलेला होता. मुलगा उद्धट नव्हता. आपण लोकांना वाचवत आहोत असेच त्याला मनापासून वाटत असावे. मी पत्रक खिशात घातले, आईबाबांच्या कबरीवर फुले वाहिली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो, कारण नरक हा आमच्या घरात केवळ प्रवचनाचा विषय कधीच नव्हता.

१९६६ साली मला एक भाऊ झाला आणि दोन दिवसांत गेला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली नाही आणि कुटुंबाच्या कबरीत त्याला जागाही मिळाली नाही. बाबांनी त्याला एका टॉवेलात गुंडाळून नेले आणि कंपाउंडच्या भिंतीलगत, जिथे खुणेचा दगडही लावत नसत, तिथे पुरले. त्या वेळचा कायदाच तसा होता. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चविधीने मूठमाती देता येत नसे. पण आईच्या मनाला कायद्याने लागले नाही, ते एका वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या वाक्याने लागले. ‘देवाचं तोंड काही त्याला दिसायचं नाही,’ असे ते सांत्वनाला येऊन बोलून गेले. पुढे कधीतरी तिला कळले की मरणाच्या दारातल्या बाळाला कोणीही, अगदी नर्सही, पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते. ‘मला ठाऊक असतं तर मीच पेल्यातलं पाणी घातलं असतं गं,’ हे ती मावशीला सांगत असताना मी दाराआडून ऐकले आहे. दर दोन नोव्हेंबरला ती सगळ्यांबरोबर आजीआजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावी आणि मग एक मेणबत्ती पदराआड धरून एकटीच भिंतीकडे जाई.

आता त्या शब्दाकडे येतो. मराठी वाचकाला ‘नरक’ म्हटले की उकळत्या तेलाच्या कढया आणि यमदूत आठवतात, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण शब्द तिथूनच आला आहे. भागवतात २८ नरक मोजले आहेत. पण तिथला भोग संपतो, जीव पुन्हा जन्माला येतो. आमच्या मराठी बायबलने हाच शब्द घेतला आणि तो ज्या मूळ शब्दासाठी घेतला तो आहे ‘गेहेन्ना’. हे एका खऱ्याखुऱ्या जागेचे नाव आहे. यरुशलेमच्या पश्चिमेकडून दक्षिणेकडे वळत जाणारे हिन्नोमचे खोरे आजही तिथे आहे. हिब्रूतल्या ‘गे-हिन्नोम’चे ग्रीकमध्ये ‘गेहेन्ना’ झाले, अरबीत ‘जहन्नम’ झाले, आणि फारसी-उर्दूच्या वाटेने तो शब्द आपल्या मुंबईच्या रस्त्यावर पोहोचला. ‘जा जहन्नममध्ये’ असे रागाने म्हणणारा माणूस नकळत यरुशलेमच्या वेशीबाहेरच्या एका घळीचे नाव घेत असतो.

त्या घळीत काय घडले होते? आमच्या एका तपसाधनेत प्रवचनकारांनी मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीचा दाखला दिला होता. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमचे डंपिंग ग्राउंड, तिथली आग कधी विझत नसे, असे त्यांनी सांगितले. देवनार १९२७ साली सुरू झाले, आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागून धुराने शहर कोंदले होते तेव्हा तो दाखला मलाही आठवला. पण कचरापट्टीची ही गोष्ट बायबलमध्ये कुठेही नाही. ती इसवी सन १२०० च्या सुमारास दाविद किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या लिखाणात प्रथम दिसते. बायबल सांगते ते याहून भयंकर आहे. त्या खोऱ्यात, तोफेत नावाच्या जागी, यहूदाचे लोक आपली मुलेमुली अग्नीत होमत असत. आहाज आणि मनश्शे या राजांनीही आपली मुले तिथे जाळली. पुढे योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, पुन्हा कोणी तिथे मूल अर्पण करू नये म्हणून. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की हे मी सांगितले नव्हते, हे माझ्या मनातही आले नव्हते.

मला या विषयात सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट हीच आहे. ख्रिस्ती धर्मातल्या नरकाला ज्या जागेचे नाव मिळाले, ती जागा देवाच्या नावाने मुले जाळण्याची होती, आणि त्या कृत्याचा देवाला आलेला संताप त्या नावात साठलेला आहे. असे असताना त्याच नावाची भीती घालून, आपले दोन दिवसांचे मूल देवाने टाकले असे एखाद्या बाळंतिणीला आयुष्यभर वाटू देणे हा त्या शब्दाशीच केलेला द्रोह आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

हा शब्द येशूने वापरलाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, ‘गेहेन्ना’ बारा वेळा येतो आणि त्यांपैकी अकरा वेळा तो येशूच्याच तोंडी आहे. बारावा याकोबाच्या पत्रात, जिभेविषयी बोलताना. पण तो कोणाला उद्देशून आला आहे ते पाहावे. भावाला ‘अरे मूर्खा’ म्हणणाऱ्याला, स्वतःच्याच डोळ्याने आणि हाताने घसरणाऱ्या शिष्याला, आणि धर्माचे ओझे दुसऱ्यांच्या खांद्यावर लादणाऱ्या शास्त्री-परूशी या ज्यू धर्मपुढाऱ्यांना. परधर्मीयांना उद्देशून तो एकदाही उच्चारलेला नाही, आणि पौलाच्या एकाही पत्रात तो शब्द नाही. म्हणजे हा इशारा मुळात घरातल्यांसाठी, आणि त्यातही अधिकाराच्या जागी बसलेल्यांसाठी होता. आपण तो उचलून फाटकाबाहेर नेला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात ठेवला.

बालकांच्या प्रश्नावर चर्चने बराच लांबचा प्रवास केला आहे, आणि तो आमच्याच लोकांना पुरेसा माहीत नाही. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात अशा बाळांना शिक्षा होते, पण अत्यंत सौम्य, असे मानले. मध्ययुगात ‘लिंबो’ची कल्पना आली, म्हणजे ना यातना, ना देवदर्शन. ती कधीही सिद्धांत म्हणून ठरवली गेली नाही, पण शिकवली मात्र सिद्धांतासारखी गेली. १९७० च्या मिस्साग्रंथात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बालकांच्या अंत्यविधीच्या प्रार्थना आल्या, १९८३ च्या संहितेने बिशपांच्या परवानगीने अशा अंत्यविधीला वाट दिली, १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने ही बालके देवाच्या दयेवर सोपवली. आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने सांगितले की त्यांच्या तारणाविषयी खात्रीचे ज्ञान नसले तरी आशा धरायला भक्कम आधार आहे.

ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती, आणि खिडकीपाशी बसून वाल सोलत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, ‘मग इतकी वर्षं त्याला ठेवलं होतं कुठे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तिने पुन्हा वाल घेतले.

याचा अर्थ मला न्याय नको आहे, असा नाही. उलट, शेवटचा न्याय नसेल तर माझी श्रद्धा उभी राहू शकणार नाही. ज्यांच्या मुलांना मारले गेले आणि ज्यांचा खटला साक्षीदाराअभावी संपला, त्यांना ‘देव सगळ्यांना माफ करतो’ असे सांगणे मला क्रूर वाटते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या नोव्हेंबरात ‘स्पे साल्वी’ या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला आहे. न्यायाचा प्रश्न हाच त्यांना सार्वकालिक जीवनाच्या बाजूचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद वाटतो, आणि शेवटच्या मेजवानीत अत्याचारी माणूस आपल्या बळीशेजारी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात बसू शकणार नाही, असे ते बजावतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाधीश भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस यांच्याविषयी विचारतो. लोकलने रोज प्रवास करणाऱ्या माझ्यासारख्याने तो अध्याय वाचला की दादर स्थानकाच्या पुलावर आपण कितीजणांना ओलांडून जातो ते आठवते. तो अध्याय मला भिववतो, आणि भिववावे यासाठीच तो लिहिलेला आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी शिक्षा ‘सार्वकालिक’ म्हटली आहे आणि जीवनालाही तेच विशेषण लावले आहे. एकाचा अर्थ कायमचा आणि दुसऱ्याचा तात्पुरता असा घेता येणार नाही, हे ऑगस्टिनचे म्हणणे मला खोडता येत नाही. सर्वांचे शेवटी तारण होईल असे ओरिगेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताला वाटत होते, आणि त्याच्या नावावरची ही शिकवण सहाव्या शतकात नाकारली गेली. मी चर्चच्या शिकवणीबाहेर जाऊ इच्छित नाही. नरक आहे, आणि तो माणूस स्वतःच देवाकडे पाठ फिरवून निवडतो, हे मी मानतो. परंतु याच चर्चने अनेकांना संत म्हणून घोषित केले असले तरी अमुक एक माणूस नरकात आहे, असे आजवर एकाही व्यक्तीविषयी जाहीर केलेले नाही. जे चर्चने केले नाही ते पत्रक छापणाऱ्याने करू नये, आणि सांत्वनाला आलेल्या नातेवाइकाने तर मुळीच करू नये.

आम्ही रोज जपमाळेत, दर दहा मण्यांनंतर, १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा गावच्या मुलांना पवित्र मारियेने शिकवली असे मानली जाणारी प्रार्थना म्हणतो. तिच्यात नरकाच्या अग्नीपासून आमचे रक्षण कर असे आहे, आणि लगेच पुढे सर्व आत्म्यांना स्वर्गात ने असेही आहे. ‘सर्व’ हा शब्द आम्ही इतक्या घाईने म्हणतो की तो ऐकूच येत नाही. आई तिथे किंचित थांबत असे. लहानपणी मला वाटायचे, तिला दम लागतो.

ती गेली त्याला आता दहा वर्षे झाली. भिंतीची डागडुजी झाली, तिला लागून अस्थींसाठी कोनाडे बांधले गेले, आणि भाऊ नेमका कुठे पुरलेला आहे हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. यंदा तिसऱ्या आणि चौथ्या कोनाड्याच्या मध्ये, साधारण आई उभी राहायची त्या ठिकाणी, मी मेणबत्ती लावली. वारा होता, म्हणून खिशातले ते पत्रक काढून तिला आडोसा केला.