‘एकच अकाउंट ठेवा, पोरावर लक्ष राहते’ म्हणे!

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की आमच्या राळेगावकडे दोन-चार घरांत तरी सेकंडहँड कॉम्प्युटर येतो. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो. यंदा तो मला पाच ग्रुपांतून आला. मजकूर थोडक्यात असा: मुलांसाठी वेगळं अकाउंट काढू नका, घरात एकच ठेवा म्हणजे लक्ष राहतं. रोज रात्री हिस्टरी पाहा. मुलाचं अकाउंट काढताना वय वाढवून टाका, नाहीतर जागोजागी परवानगी मागतं. विंडोजमध्ये फुकट काही नसतं, सॉफ्टवेअर विकत घ्या. आणि कॉम्प्युटर ओसरीत ठेवा.

ओसरीचं तेवढं पटलं. बाकीचं नाही.

आधी एका अकाउंटचं. गेल्या महिन्यात ओळखीचे एक काका सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आले. “भाऊ, हा कॉम्प्युटर मलेच आत घेऊन नाही राहिला!” दुकानातून ‘युजर’ नावाचं एकच अकाउंट करून मिळालं होतं, पासवर्ड नाही. सातवीतल्या पोट्ट्यानं त्याला पासवर्ड टाकला आणि बापच बाहेर. पोट्ट्याला तरी काय बोलायचं? विंडोज बसवताना होणारं पहिलं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं. एकच अकाउंट म्हणजे समोर बसेल तो मालक. त्यात लक्ष कुठून राहणार?

फरक गेम टाकताना दिसतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असाल तर विंडोज नुसतं ‘होय की नाही’ विचारतं. स्टँडर्ड, म्हणजे साध्या, अकाउंटवर त्याच खिडकीत पासवर्ड मागतं, आणि तो मालकाचाच चालतो. (काही प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरात बसून हा नाका चुकवतात, पण कॉम्प्युटरच्या सेटिंगला त्यांना हात लावता येत नाही.)

काकांच्या कॉम्प्युटरवर मी उलटा मार्ग धरला. पोट्ट्यासाठी नवं अकाउंट काढलं असतं तर त्याच्या फाइली जुन्यातच राहिल्या असत्या आणि घरात रडारड. म्हणून पोट्ट्याकडूनच कुलूप उघडवलं, सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन काकांसाठी ‘आबा’ नावाचं नवं अकाउंट काढलं, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं, पासवर्ड दिला. मग ‘आबा’मधून शिरून ‘युजर’ला स्टँडर्डवर उतरवलं. गृहपाठ, गेम, वॉलपेपर सगळं जागच्या जागी. दहा मिनिटं लागली, त्यातली पाच काकांना पासवर्ड सुचेना म्हणून.

हिस्टरीवर फार शाई खर्चत नाही. इन्कॉग्निटो खिडकीत पाहिलेलं हिस्टरीत येतच नाही, आणि आलेलं पुसायला दोन क्लिक लागतात. सातवीतल्या पोट्ट्यांना हे माहीत असतं. मेसेज लिहिणाऱ्याला नसावं.

वय वाढवण्याचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. मायक्रोसॉफ्ट काय, गूगल काय, हे लेकरू आहे हे जन्मतारखेवरून ओळखतात. आपल्याकडे तेरा वर्षांखालच्या मुलाचं गूगल अकाउंट पालकाच्या फॅमिली लिंकला (मुलांच्या अकाउंटवर लक्ष ठेवायची गूगलची सोय) जोडूनच निघतं. तारीख १९९० टाकली की बारा वर्षांचं पोर त्यांच्या लेखी बापई माणूस. मग परवानगी मागत नाही हे खरं, पण कुणाची मागणार? ती कटकट म्हणजेच तर कुंपण. रानडुकरं शिरतात म्हणून वावराला तार लावायची आणि जायला-यायला अडचण होते म्हणून आपणच ती कापायची, असा हा प्रकार.

आणि ‘फुकट काही नसतं’? मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये वेळेची मर्यादा, साइटींची गाळणी आणि कोणतं अ‍ॅप किती वापरलं याचा हिशोब पैसे न देता मिळतो. मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, खऱ्या तारखेचं. गाळणी एज ब्राउझरमध्येच चालते, म्हणून ती चालू केली की क्रोमसारखे नेहमीचे दुसरे ब्राउझर अडवले जातात. “क्रोम बिघडलं” म्हणून फोन येतात ते यामुळे.

आमच्याकडे बहुतेक घरांत राउटर नाही, नेट बापाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. अशा वेळी कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्येच डीएनएस (साइटचं नाव टाकलं की तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायचा. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता अश्लील आणि धोक्याच्या साइटी अडवतो, तोही फुकट. आयपीव्ही६च्या (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) रकान्यात २६०६:४७००:४७००::१११३ भरा, नाहीतर तिकडून वाट उघडी राहते. स्टँडर्ड अकाउंटवरून हे पत्ते बदलता येत नाहीत. ब्राउझरच्या आत मात्र ‘सिक्युअर डीएनएस’ नावाचं वेगळं बटण असतं, तिथून चलाख पोर निसटू शकतं. तेवढं अधूनमधून पाहावं.

काकांचं काम होऊन महिना झाला. त्यांनी तो पासवर्ड देव्हाऱ्यामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय असं परवा कळलं. पोट्ट्यानंच सांगितलं.