क्रिकेट फुकट झालेलं नाही

आयपीएल जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, गावच्या ग्रुपवरही तोच येतो. ‘केबल बंद करा. क्रिकेट आता मोबाईलवर फुकट आहे. डेटा असतोच. लाइव्ह दिसतं. भारताच्या मॅच तर डीडीवरही लागतात. पैसे जाहिरातवाले भरतात, आपल्या खिशातून काही जात नाही.’ तो वाचून माझ्या वडिलांनी खरंच केबल काढून टाकली, म्हणून हे लिहायला बसलो.

‘फुकट आहे.’ काही काळ होतं, हे मान्य. जिओसिनेमानं २०२२ चा फुटबॉल विश्वचषक आणि २०२३ ची आयपीएल एक पैसा न घेता दाखवली, आयपीएल तर मराठी समालोचनासकट. केदार जाधव समालोचन सोडून थेट बंगळुरूच्या संघात खेळायला गेला, ती हीच आयपीएल. त्यावर हॉटस्टारनंही त्या वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाईलवर फुकट ठेवला. तेव्हा आयपीएलचे टीव्हीचे हक्क हॉटस्टारवाल्या डिस्नेकडे होते, डिजिटलचे जिओसिनेमावाल्या रिलायन्सकडे, आणि दोघांची प्रेक्षकांसाठी ओढाताण चालली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचे इथले धंदे एकत्र आले आणि ओढाताण संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. त्या वर्षीच्या आयपीएलसाठी मोबाईलवर तीन महिन्यांचे १४९ रुपये भरा, नाहीतर जिओचं किमान २९९ चं रिचार्ज मारा, असं ठरलं. मेसेज मात्र २०२३ चाच फिरतोय.

‘डेटा असतोच.’ हिशोब करून बघा. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला सेकंदाला ३ मेगाबिट धरले, तर तासाला साधारण १.३५ जीबी जातो. पावणेचार तासांच्या सामन्याला ५ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तुम्ही पहिल्या डावाच्या तेराव्या-चौदाव्या षटकापर्यंत पोचता. गेल्या उन्हाळ्यात गावी मी हेच बघितलं. वडिलांच्या फोनवर आधी निम्मा डेटा संपल्याचा मेसेज आला, मग नव्वद टक्क्यांचा. त्यानंतर गोलंदाज धावत आला आणि क्रीजजवळ हात वर करून तसाच थिजला, वर ते गोल फिरणारं चक्र. वडील बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. त्यांना वाटलं फोन बिघडला. शेवटी टॉप-अप मारावा लागला. वर जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केलं, ते वेगळंच.

‘लाइव्ह दिसतं.’ उशिरा दिसतं. इंटरनेटवरचं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि अडखळू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे साठवून मग दाखवतो. शेजारच्या टीव्हीवर सिक्स आधी जाते, आपल्याकडे बॉलर अजून रनअपवर असतो.

‘डीडीवर लागतात.’ या अर्धवट खऱ्या वाक्यानं सगळ्यात जास्त लोक फसतात. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कधारक आणि प्रसार भारतीत ७५-२५ असं वाटलं जातं. पुरुष संघाचे वनडे आणि टी-२० त्या यादीत आहेत, आयपीएल नाही. शिवाय २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हे प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि डीडी फ्री डिशवरून दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं की ऐन सामन्याच्या वेळी भलताच कार्यक्रम दिसतो. आमच्या घरी किती वर्षं आम्ही केबलवाल्याला दोष देत होतो! ॲनालॉग ट्रान्समीटर तर बहुतेक सगळे २०२२ पर्यंत बंदच झाले. उरली फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याचं काही नाही. गावाकडच्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये नाही.

आता ‘जाहिरातवाले पैसे भरतात.’ २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. लिलावातले ४१० सामने धरले तर सामन्याला ११८ कोटी, दोन्ही डाव पूर्ण झाले तर चेंडूमागे जवळपास ४९ लाख. एवढी रक्कम वसूल करायची म्हणजे षटक संपायच्या आत जाहिरात तयार ठेवावीच लागते. वर्गणी भरली तरी लाइव्ह सामन्यातल्या जाहिराती सुटत नाहीत. आणि त्या जाहिराती होत्या कुणाच्या? कित्येक वर्षं पैसे लावून संघ बनवायच्या ॲप्सच्या. तिथं हरलेले पैसे सामना बघणाऱ्या पोरांचेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्यातलंच एक, ड्रीम११, भारतीय संघाच्या जर्सीवरून गेलं. मला याचा मनापासून आनंद झाला. फुकट सामन्याचं बिल कुणाच्या तरी पोराच्या खात्यातून जात होतं, आणि ते पोर आपल्याच गल्लीतलं होतं.

वडिलांच्या गच्चीवर आता फ्री डिशची छत्री आहे. भारताची वनडे असली की शेजारचे दोघं-तिघं येऊन बसतात. आयपीएल त्या घरात लागत नाही. वडील सकाळी पेपरात स्कोअर बघतात.