धर्म कामावर नेला तर

चेंबूरच्या एका कॉलेजने 2024 मध्ये हिजाब, टोपी, बिल्ले यांना वर्गात बंदी केली. उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच अंशी स्थगित केली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून उफाळतो. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, धर्म उंबरठ्याच्या आत ठेवा. नागपूरचे काका म्हणतात, आपण का लाजायचं, खुशाल गंध लावून ऑफिसला जा. दोघेही हट्टी आहेत. अंगावर काय दिसतं, हाच खरा प्रश्न, असं दोघांनाही वाटतं.

मी पश्चिम लंडनमध्ये राहते, साउथॉल या पंजाबी वस्तीपासून बसने जवळ, आणि काम करते ते एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. माझ्या आसपास तिशीच्या आतबाहेरचे शीख डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स भरपूर. त्यांच्याबाबतीत उंबरठ्याचा सल्ला मुळातच लागू पडत नाही, कारण पगडी दाराशी काढून ठेवायची वस्तू नाही. इथे हातांच्या स्वच्छतेसाठी कोपराखाली काही घालायचं नसतं. मग शिखांनी धर्म म्हणून हातात घालायच्या कड्याचं काय? आरोग्य खात्याने 2010 साली तोडगा सांगितला: कडं दंडाकडे वर सरकवा आणि तिथेच घट्ट बसवा. सकाळी हात धुवायला उभं राहताना कडं वर चढवणारी मुलं-मुली मी रोज बघते. त्यावर कुणी चर्चा करत नाही.

हे सहज मिळालेलं नाही. इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टन शहरात शीख बसचालकांना पगडी-दाढीसह काम करू द्यावं म्हणून 1967 ते 1969 अशी दोन वर्षं झगडावं लागलं. मोटारसायकलवर हेल्मेटऐवजी पगडी चालेल, हा कायदा 1976 चा. पगडीसाठी एका शीख मुलाला शाळेने प्रवेश नाकारला, ते प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1983 मध्ये मुलाच्या बाजूने निकाल लागला. आजच्या तरुणांच्या आजोबांनी आणि वडिलांनी हे सगळं आधीच लढून ठेवलंय. म्हणून या पिढीला पुढचा प्रश्न विचारायची सवड मिळाली: पगडी घालून कामावर गेलो, आता तिथे करायचं काय?

कोविडमध्ये हा प्रश्न फारच नेमका समोर आला. वॉर्डात लागणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. काही शीख डॉक्टरांना रुग्णांपासून दूरचं काम देण्यात आलं. कॅनडात मॉन्ट्रियलमधल्या दोन शीख डॉक्टर भावांनी विचारांती दाढी काढली आणि ते जाहीरपणे सांगितलं. रुग्ण बघणं ही सेवा आहे आणि ती टाळता येत नाही, हा त्यांचा हिशोब. (त्याच क्वीबेक प्रांताने आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना पगडी घालायला मनाई करणारा कायदा केला होता.) इथे इंग्लंडमध्ये काही शीख दंतवैद्यांनी आणि डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. दाढी बसवायला जो ठाठा, म्हणजे कापडी पट्टा, बांधतात, त्याच धर्तीवर रबराची ताणली जाणारी पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायची आणि तिच्यावर मास्क लावायचा. तो हवाबंद बसतो की नाही याच्या चाचण्या घेतल्या आणि 2020 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात पद्धत रीतसर छापली. एकाने केस दिले, दुसऱ्याने केस राखून युक्ती शोधली. दोघांचाही धर्म कामावर हजर होता. माझ्या मावसभावाच्या आणि काकांच्या, दोघांच्याही मांडणीत या माणसांना जागा नाही.

संध्याकाळचं चित्रही असंच. साउथॉलच्या तरुणांनी सुरू केलेली निष्काम स्वॅट ही संस्था लंडनच्या मध्यवस्तीत, स्ट्रँडवर, बेघरांना गरम जेवण वाढते. वाढणाऱ्यांत दिवसभर ऑफिसात बसणारी मंडळी असतात. 2020 च्या नाताळाआधी फ्रान्सने सीमा बंद केली आणि केंटमध्ये हजारो ट्रकचालक अडकले, तेव्हा खालसा एड ही शीख मदतसंस्था आणि जवळच्या ग्रेव्हसेंडचा गुरुद्वारा शेकडो डबे घेऊन पोचले. चालक पोलंडचे, रोमानियाचे. छोले कधी खाल्ले असतील असं वाटत नाही, म्हणून सोबत पास्ताही होता. मला हा पास्ता फार आवडला. वाढणाऱ्याने आपली चव लादली नाही.

आता कौतुक थोडं आवरतं घेते. इथेही रामगढियांचे गुरुद्वारे वेगळे, रविदासियांचे वेगळे; जात पंगतीतून उठली तरी इमारतीतून उठलेली नाही. गुरुद्वारा समित्यांच्या निवडणुका आपल्या साखर कारखान्यांना लाजवतील. आणि या सेवेमागे भीतीचाही एक धागा आहे. 11 सप्टेंबर 2001 नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना पगडीमुळे गोळी घातली गेली. त्यानंतर ‘आम्ही कोण’ हे सतत समजावत राहणं पाश्चात्त्य देशांतल्या प्रत्येक शिखाच्या नशिबी आलं. मग प्रश्न पडतो: अल्पसंख्याकाने आपली जागा जेवण वाढून का कमवावी? माझ्या एका तरुण सहकाऱ्याला ‘तुम्ही लोक किती छान, सगळ्यांना जेवू घालता’ हे वाक्य ऐकलं की चीड येते. तो म्हणतो, आम्ही वाढलं नसतं तर?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशातच मिळालं आहे. 2020 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या सिंघू सीमेवर आंदोलक शेतकऱ्यांसाठी लंगर, म्हणजे मोफत पंगती, लागले, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘खलिस्तानी’, ‘पैसा कुठून येतो’ असे मेसेज फिरत होते. एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, गाझियाबादच्या इंदिरापुरमला गुरुद्वाऱ्याबाहेर ऑक्सिजनचा लंगर लागला, तेव्हा त्याच ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. पगडी तीच, श्रद्धाही तीच. बदललं होतं ते ताट कुणापुढे ठेवलंय, एवढंच. म्हणजे आपल्याला दुसऱ्याचा धर्म खुपतो की भावतो, हे तो आपल्या उपयोगाचा आहे का, यावर ठरतं. मग कपड्यांवरचा सगळा वाद मला पोकळ वाटायला लागतो. श्रद्धा माणसाकडून दुसऱ्यासाठी काय करवून घेते, आणि ते लोकांना आवडत नसतानाही करवून घेते का, हे विचारायला हवं.

आपल्याला हे परकं नाही. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं अखेरचं स्थान आहे. मी महाराष्ट्राची म्हटल्यावर इथले वयस्क शीख ‘हजूर साहिब’ म्हणून हात जोडतात. वारीत अनोळखी माणसाला घरी जेवू घालणारी गावं आपलीच. पण विमानात बसताना आपण गणपती आणला, वारीतली ती पंगत तिकडेच राहिली. आमचा इथला गणेशोत्सव देखणा असतो. ढोल, लेझीम, उकडीचे मोदक, आणि प्रवेशाला तिकीट. हॉलच्या दारावरून जाणारा शेजारी आत डोकावतो आणि पुढे जातो.

यंदा आम्ही काही जणींनी ठेवलेला प्रस्ताव असा: एका संध्याकाळी महाप्रसाद रस्त्यावरच्या कुणालाही खुला, तिकीट नाही, नाव विचारायचं नाही. भांडी द्यायला आणि स्वयंपाकाचा अंदाज सांगायला जवळच्या गुरुद्वाऱ्यातली मुलं तयार आहेत. हॉलचं भाडं, विमा, ‘कोण कुठले लोक येतील’ या तीन हरकती आल्याच आहेत. पहिल्या दोन पैशांनी सुटतील. तिसरीवर समितीत मतदान घ्यायचं आम्ही ठरवलंय, हात वर करून, सगळ्यांसमोर.