व्यंगचित्रांविषयीच्या माझ्या संदेशाबाबत खुलासा

रविवारी आमच्या फोंड्याच्या वाचक-गटावर मी एक संदेश पुढे पाठवला होता: नव्या कायद्याने वर्तमानपत्रात धर्माविषयी कोणतेही व्यंगचित्र छापणे हा गुन्हा ठरला असून डेन्मार्कच्या संपादकालाही त्यासाठी शिक्षा झाली होती. दोन्ही विधाने चुकीची आहेत. मी ती न पडताळता पाठवली, याबद्दल दिलगीर आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ मी आता मुळातून वाचले. ते जुन्या दंड संहितेतील, १९२७ साली घातलेल्या २९५-अ चेच नवे रूप आहे. त्यात चित्रांचा समावेश आहेच; पण गुन्हा ठरण्यासाठी 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याकरिता अपमान केलेला असावा लागतो. १९५७ साली रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवतानाच, अनवधानाने झालेला अपमान त्यात येत नाही, असे स्पष्ट केले. अर्थात तक्रार होऊ शकते आणि पोलीस वॉरंटाशिवाय अटकही करू शकतात, त्यामुळे संपादकांची धास्ती अगदीच निराधार नाही.

डेन्मार्कमध्ये ३० सप्टेंबर २००५ रोजी 'युलँड्स-पोस्टेन' या वर्तमानपत्राने प्रेषित मुहंमद यांच्याविषयीची १२ व्यंगचित्रे छापली. तेथील सरकारी अभियोक्त्यांनी २००६ मध्ये खटला भरण्यास नकार दिला.

ज्यांनी माझा संदेश म्हापसा, पणजीच्या गटांवर पाठवला असेल, त्यांनी तो कृपया काढून टाकावा आणि त्याजागी हा खुलासा द्यावा.